इस्तंबूलची जर्मन शाळा (आल्मान लिसेसी)

तुर्कस्तानातील इस्तंबूल शहराच्या बेयोलू भागातील जर्मन माध्यमाची माध्यमिक शाळा. स्थापना १८६८. जर्मन भाषक देशांबाहेरच्या सर्वांत जुन्या जर्मन शाळांपैकी ही एक. दोन्ही महायुद्धांच्या अखेरीस तिला टाळे लागले आणि दोन्ही वेळा ती पुन्हा उघडली. त्याच शहरातील ऑस्ट्रियन सांक्ट गेऑर्ग शाळा (१८८२) आणि जर्मन विभाग असलेली सरकारी इस्तंबूल लिसेसी या संस्था वेगळ्या. नावांमुळे त्यांची गल्लत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्मानी राजधानीत जर्मन भाषक व्यापारी आणि कारागीर बऱ्यापैकी संख्येने स्थायिक झाले होते. १८४७ पासून त्यांचा ‘टॉयटोनिया’ हा क्लब चालू होता. मुलांसाठी प्रॉटेस्टंट मंडळीची लहान शाळा होती, पण इतर पंथांच्या व धर्मांच्या कुटुंबांना ती सोयीची नव्हती. म्हणून जर्मन आणि स्विस रहिवाशांनी एकत्र येऊन कोणत्याही पंथाशी न बांधलेली नवी शाळा काढली. एकसंध जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये अस्तित्वात आले, म्हणजे शाळा त्याच्याही आधीची. ती कोणा सरकारने काढली नव्हती, पालकांनी काढली होती. पुढचा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

जुलै १८९४ च्या भूकंपात शाळेच्या इमारतीचे मोठे नुकसान झाले. तुनेल चौकाजवळची, आजही वापरात असलेली इमारत १८९७ मध्ये उभी राहिली. हा काळ भरभराटीचा होता. डॉइचे बँकेच्या भांडवलावर अनातोलियन रेल्वे बांधली जात होती, पुढे बगदाद रेल्वेचे काम निघाले, आणि जर्मन येणाऱ्याला नोकरीची दारे उघडी झाली. त्यामुळे वर्गांत जर्मन मुलांच्या शेजारी ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि तुर्की कुटुंबांतली मुलेही बसू लागली. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठी आशियाई किनाऱ्यावर हैदरपाशा येथे आणखी एक जर्मन शाळा निघाली.

ऑक्टोबर १९१८ मध्ये ऑस्मानी साम्राज्याने शस्त्रे खाली ठेवली, दोस्त राष्ट्रांच्या फौजा शहरात आल्या, जर्मनांना देश सोडावा लागला आणि शाळा बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली १९२०च्या दशकाच्या मध्यास, तेव्हा देशच बदलला होता. १९२४ च्या कायद्याने प्रजासत्ताकातील सगळ्या शाळा शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आल्या. १९३१ मध्ये तुर्की नागरिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण परदेशी शाळेत घेण्यास मनाई झाली. तुर्की मुलांपुरती ही शाळा माध्यमिक झाली, ती तेव्हापासून.

१९३३ नंतरची अकरा वर्षे हा या इतिहासातला सर्वांत क्लेशदायक भाग आहे, आणि तो दोन ओळींत उरकणे योग्य नाही. त्याच वर्षी तुर्कस्तानने इस्तंबूल विद्यापीठाची पुनर्रचना केली आणि हिटलरच्या राजवटीने नोकरीवरून काढलेल्या अनेक प्राध्यापकांना बोलावून घेतले. अर्थतज्ज्ञ फ्रिट्स नॉयमार्क आणि कायदेपंडित एर्न्स्ट हिर्श त्यांत होते. साहित्याभ्यासक एरिख आउअरबाख १९३६ मध्ये आले. एकाच शहरात आता दोन जर्मन समाज झाले. टॉयटोनिया क्लब नाझी पक्षाच्या लोकांच्या हाती गेला. शाळेवरही बर्लिनचा वरचष्मा वाढला. जर्मन हीच मातृभाषा असलेल्या निर्वासित कुटुंबांनी आपली मुले जर्मन शाळेपासून दूर ठेवली. कोणी इंग्रजी शाळा निवडली, कोणी घरीच शिकवले. सर्व धर्मांच्या मुलांसाठी उभारलेल्या शाळेची ही अधोगती होती, आणि शाळेच्या कौतुकाच्या भरात तिच्यावर पांघरूण घालता येणार नाही.

२ ऑगस्ट १९४४ रोजी तुर्कस्तानने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले आणि शाळेला पुन्हा कुलूप लागले. अनेक जर्मन नागरिकांना चोरुम, किर्शेहिर, योझगात या आतल्या गावांत स्थानबद्ध केले गेले. शाळा पुन्हा उघडायला १९५३ साल उजाडले.

आज येथील बहुसंख्य विद्यार्थी तुर्की आहेत. १९९७ मध्ये आठ वर्षांचे सलग सक्तीचे शिक्षण लागू झाले आणि अशा शाळांचे खालचे वर्ग बंद झाले. पूर्वी पाचवीनंतर येणारी मुले आता आठवीनंतर येतात. मोठ्या वयात नव्या भाषेला हात घालायचा म्हणून पहिले वर्ष मुख्यतः जर्मन शिकण्यात जाते, त्यापुढे चार वर्षे. गणित आणि विज्ञान जर्मनमधून, तुर्की साहित्य व इतिहास तुर्कीतून. शेवटी तुर्की प्रमाणपत्राबरोबर आबिटूर ही जर्मन शालान्त परीक्षाही देता येते, आणि तिच्या बळावर जर्मन विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतील गुणांवर होतो. यादीत अगदी वरच्या मुलांनाच जागा मिळते. मुख्याध्यापक जर्मन असतो, त्याच्या जोडीला कायद्यानुसार तुर्की उपमुख्याध्यापक.

जर्मन सरकारची परदेशी शाळांसाठीची मध्यवर्ती कचेरी जगभरातल्या सुमारे १४० शाळांना शिक्षक आणि निधी पुरवते, त्यांत ही शाळा येते. मुंबईत १९६१ मध्ये निघालेली डॉइचे शुले बॉम्बे हीदेखील परदेशस्थ जर्मन कुटुंबांच्या गरजेतून जन्मली. पुढे ती इंग्रजी माध्यमाकडे वळली आणि आता डीएसबी या नावाने ओळखली जाते.

२०१८ मध्ये इझमीर येथील जर्मन शाळा तुर्की अधिकाऱ्यांनी काही काळ बंद केली. ती अंकारातील दूतावासाच्या शाळेची शाखा होती आणि तिला कायदेशीर आधार नसल्याचे कारण दिले गेले. त्यानंतर जर्मनीतील तुर्की शाळांच्या बदल्यात येथील जर्मन शाळांना मान्यता, अशा वाटाघाटी दोन्ही सरकारांत झाल्या. आल्मान लिसेसी मात्र तुर्की शिक्षण मंत्रालयाच्या नियमांखाली चालणारी शाळा असल्याने या काळातही तिचे वर्ग चालू राहिले.