नीड-ब्लाइंड आणि फुल नीड: ट्रान्सफर घेताना ह्या दोघांची गल्लत नको

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजला (मुख्यतः पदवीपर्यंतचं, वेगवेगळे विषय शिकवणारं लहान कॉलेज) ट्रान्सफर घ्यायचा, म्हणजे पदवी अर्धवट असताना एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचा विचार चालू असेल तर हे दोन शब्द सारखे कानावर पडतात, आणि बरीच मुलं (आईबाबा तर हमखास) दोन्ही एकच धरून चालतात. कॉलेज नीड-ब्लाइंड आहे ना, मग पैशांचं टेन्शन गेलं! नाही गेलं.

नीड-ब्लाइंडचा संबंध फक्त ॲडमिशनशी आहे, म्हणजे तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवताना तुमची फी भरायची ऐपत बघत नाहीत. घेतल्यावर किती मदत देणार याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते सांगतं फुल नीड: ॲडमिशन दिली तर हिशोबाने जेवढी गरज निघेल तेवढी सगळी भागवू. समजा वर्षाचा खर्च ८५,००० डॉलर आणि घरून १५,००० जमतील असं कॉलेजने ठरवलं, तर गरज झाली ७०,००० (आकडे नुसते समजण्यापुरते). फुल नीडवालं कॉलेज ते सगळे बघणार, बाकीची कॉलेजं ४०,००० देऊन अभिनंदनाचं पत्र पाठवू शकतात आणि उरलेले ३०,००० तुम्ही बघा.

उलटंही असतं. हॅवरफर्ड कॉलेजने २०१६ मध्ये नीड-ब्लाइंड सोडून नीड-अवेअर (म्हणजे ॲडमिशन ठरवताना ऐपतही बघणारं) व्हायचं ठरवलं, पण फुल नीड चालूच ठेवलं. आत शिरणं थोडं अवघड झालं, आत गेल्यावरचा शब्द तोच. मला विचाराल तर दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर फुल नीड धरा, कारण ॲडमिशन मिळून पैशांअभावी सोडावी लागणं जास्त वाईट.

पण ही "गरज" तुम्ही नाही ठरवत, कॉलेज ठरवतं. आपल्याकडून जाणाऱ्या मुलांना फाफ्सा (FAFSA) हा मदतीसाठीचा अमेरिकन सरकारी फॉर्म लागू नाही, बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल (CSS Profile) नावाचा वेगळा फॉर्म मागतात, त्यात पगारासोबत बचत, घर, बाकीची प्रॉपर्टी सगळं येतं. गावाकडची जमीन चार काकांच्या सामायिक नावावर असेल आणि त्यातून हातात काहीच येत नसेल तर ते कॉलेजच्या एड ऑफिसला (एड म्हणजे ही पैशांची मदत) नीट लिहून कळवा, तिकडच्या माणसाला सातबारा काय माहीत. आणि गरज भागवणार म्हणजे सगळी ग्रँटच (परत न करायचे पैसे) असंही नाही, त्यात लोन आणि कॅम्पसवरची नोकरी पण धरलेली असू शकते. विल्यम्स कॉलेजने २०२२ पासून हे दोन्ही पॅकेजमधून काढून टाकलं, पण सगळीकडे तसं नाही.

आता खरी गोची ट्रान्सफरची. ॲमहर्स्ट कॉलेज २००८ पासून आणि बोडन कॉलेज २०२२ पासून परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड आहेत हे वाचून लोक खूश होतात, पण कुठल्याही कॉलेजची अशी घोषणा फर्स्ट-इयरवाल्यांपुरती आहे की ट्रान्सफरलाही लागू आहे हे वेगळं तपासावं लागतं, आणि त्यातही अमेरिकन ट्रान्सफर आणि परदेशी ट्रान्सफर यांचे नियम वेगळे निघू शकतात. काही ठिकाणी परदेशी ट्रान्सफरला एडच नसते, मग होमपेजवर काहीही लिहिलेलं असो. मेरिट स्कॉलरशिपचंही तसंच, फर्स्ट-इयरची यादी बघून आपल्याला मिळेल असं गृहीत धरू नका.

अजून एक, बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलाने अर्जाच्या वेळी एड मागितली नाही तर नंतर मागता येत नाही. "आधी शिरू, मग बघू" हा आपला लाडका प्लॅन इथे चालत नाही. म्हणून अर्जाआधीच एड ऑफिसला सरळ मेल टाका: मी परदेशी ट्रान्सफर आहे, मला एड मिळू शकते का, एड मागितल्याने ॲडमिशनवर फरक पडतो का, माझी पूर्ण गरज भागवणार का, त्यात लोन किती, आणि माझे आधीच्या कॉलेजचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) कमी धरले गेले आणि एखादं सेमिस्टर वाढलं तर त्या सेमिस्टरलाही एड चालू राहील का. उत्तर लेखी घ्या.