मुकादमापासून व्हेंडर कोडपर्यंत

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचा एक पीएलसी प्रोग्रॅमर आहे, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा. नोकरी सोडून त्याने स्वतःचं काम सुरू केलं. कंपनीत लाइन बंद पडली की मेंटेनन्सवाले थेट त्यालाच फोन करतात, पण बिल त्याच्या नावाने निघत नाही, कारण कंपनीच्या पुरवठादार यादीतला क्रमांक, म्हणजे व्हेंडर कोड, त्याच्याकडे नाही. पर्चेसवाले म्हणतात, "तुमचा व्हेंडर कोड नाही. आमच्या यादीतल्या एजन्सीकडून या." ती एजन्सी कंपनीला दिवसाचे समजा 5,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी लावते आणि याला 3,800 देते. एजन्सीने त्याला शोधलेलंही नसतं. तो कंपनीला आधीच सापडलेला असतो.

हे मधले 1,200 रुपये दोन जुन्या वाटांनी इथवर आले. एक मजुरांच्या मध्यस्थाची, दुसरी मालाच्या यादीची.

पहिली वाट नाशिककराला समजावून सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी आली की पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात आणि एकराचा भाव मुकादमाशी ठरतो. मुंबईच्या गिरण्यांत हाच माणूस जॉबर होता. कामावर घेणं-काढणं त्याच्या हातात, म्हणून कामगार त्याला दस्तुरी, म्हणजे कमिशन, देत. 1931 च्या अहवालात कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने या लाचखोरीवर बोट ठेवलं होतं.

महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा करून मध्यस्थाला बाजूला सारायचं ठरवलं. हमाल आणि मालक दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही, म्हणजे ठरावीक आकारणी. मंडळांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण कल्पना धाडसी होती. केंद्राने पुढच्याच वर्षी वेगळा रस्ता धरला. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावात 'नियमन व निर्मूलन' असे दोन्ही शब्द होते. प्रत्यक्षात नियमनच झालं. कंत्राटदार राहिला, फक्त त्याला परवाना आला. कायदा 20 कामगारांपासून लागू होता, महाराष्ट्राने ती मर्यादा पुढे 50 वर नेली.

दुसरी वाट कारखान्याच्या स्टोअरमधून निघते. 1987 मध्ये आयएसओ 9001 हे गुणवत्तेचं मानक आलं: पुरवठादार पारखून घ्या, त्याची नोंद ठेवा. 1994 मध्ये अमेरिकेतल्या तीन बड्या मोटार कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांसाठी क्यूएस-9000 हे मानक आणलं, आज त्या जागी आयएटीएफ 16949 आहे. सातपूर-अंबडचं बरंचसं पोट मोटारींच्या सुट्या भागांवर, त्यामुळे ऑडिटर आला की 'मंजूर पुरवठादारांची यादी दाखवा' हे ठरलेलं. यादी होती कास्टिंगसाठी, बोल्टसाठी, रबर सीलसाठी. खराब बोल्ट कोणाकडून आला ते कळावं, एवढाच हेतू. मग संगणकावर ईआरपी, म्हणजे खरेदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर, आलं. कोड नाही तर पीओ (खरेदी आदेश) नाही, पीओ नाही तर बिल पास होत नाही. माणसाचं कसबही त्याच खिडकीतून आत यायला लागलं.

त्यात कोर्टाची धास्ती. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात म्हटलं, की कंत्राटी पद्धत बंद केली की कामगार आपोआप मूळ कंपनीचे. 2001 मध्ये स्टील अथॉरिटी (सेल) या सरकारी कंपनीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं, पण कंत्राट नुसतंच दिखाऊ असेल तर कामगार कंपनीचाच, हेही सांगितलं. तेव्हापासून परवाना, पीएफची चलनं, करार असे कागद चोख असलेली एजन्सी कंपन्यांना हवीशी वाटते. खरं सांगायचं तर काही एजन्स्या कंपनीकडून पैसे यायच्या आधीच माणसाला देऊन मोकळ्या होतात. त्यांचं मार्जिन मला खटकत नाही. 'कंपनीने दिले की देतो' म्हणणाऱ्यांचं खटकतं.

कामगाराकडून फी घ्यावी का, हा वाद जगभर जुना आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1933 च्या कराराचा रोख फी घेणाऱ्या एजन्स्या बंद करण्याकडे होता. 1997 च्या करार क्रमांक 181 ने एजन्स्यांना मान्यता दिली, पण कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, या अटीवर. भारताने तो स्वीकारलेला नाही. मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हेच कलम आहे: कंत्राटदाराने कंत्राटी कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष फी, कमिशन घेऊ नये. फ्रीलान्सर यात बसत नाही, कारण तो कागदावर व्यावसायिक. शिवाय त्याच्याकडून कोणी काही घेतलेलं दिसतच नाही. दोन बिलांच्या फरकात ते मुरलेलं असतं.

पैसे अडकले की दुखणं आणखी वाढतं. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे आहेत. 2023 च्या वित्त कायद्याने त्याला आयकराचा चाप लावला: मुदत चुकवली तर पैसे चुकते करेपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा धरता येत नाही. आमच्या मित्राने उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, केली आहे, पण कागदावर त्याचा खरेदीदार एजन्सी. त्यामुळे मोठ्या कंपनीपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

एजन्सीच्या करारात एक कलम हमखास असतं: काम संपल्यावर वर्षभर त्या कंपनीशी थेट व्यवहार करायचा नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 अशा बंधनाच्या आड येतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम लावून झहीर खानच्या बाजूने निकाल दिला होता. करार संपल्यावरही त्याच्या जुन्या एजन्सीला त्याच्यावर पहिला हक्क हवा होता. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा गोलंदाज, म्हणून लक्षात राहिलं.

त्या निकालाने बळ आलं म्हणा, मित्राने यंदा थेट व्हेंडर नोंदणीचा फॉर्म मागवला. तीन वर्षांचे ताळेबंद, रद्द केलेला चेक, उद्यम प्रमाणपत्र, सगळं जोडलं. आठव्या ओळीत विचारलं होतं: कारखान्याचं क्षेत्रफळ, चौरस फुटांत. तेवढा रकाना त्याने कोरा सोडला.