नथनेलाचा प्रश्न आणि सीमाभागातली मंडळी

“नासरेथातून काही चांगले निघू शकते काय?” हे येशूच्या गावाविषयी नथनेलाने येशूला पाहण्याआधीच विचारले. त्याला येशूविषयी सांगणाऱ्या शिष्याने, फिलिप्पाने, वाद घातला नाही. “येऊन पाहा” एवढेच म्हणाला (योहान १:४६). पूर्वग्रह आणि आत्मिक वाढ यांचा संबंध सांगायचा तर मी इथूनच सुरुवात करीन. मानसशास्त्र फार नंतर आले.

त्याच्याही आधी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला आले. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झाला आणि त्यांनी अंथरूण धरले. पराक्रमाची स्वप्ने रंगवून झाली की मन कोरडे पडे. संतांची चरित्रे वाचल्यावरचे समाधान मात्र टिके. हा फरक त्यांनी न्याहाळला. रोजच्या आत्मपरीक्षणाची त्यांची रीत याच सवयीतून घडली. मन उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियम मला फार मोलाचा वाटतो. मनःस्थिती जशी, तशाच आठवणी वर येतात, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन बोवर यांनी १९८१ मध्ये मांडले. दुःखात “देवाने माझे कधीच ऐकले नाही” असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. ऐकले गेल्याचे प्रसंग त्याला त्या घडीला आठवतच नसतात.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एका प्रयोगात २-४-६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम ओळखायला सांगितला. बहुतेकांनी आपल्या अंदाजाला दुजोरा देणारीच उदाहरणे तपासली. प्रार्थना करणारा माणूसही याला अपवाद नाही, आणि श्रद्धावंतांना हे ऐकणे जड जाते.

सीमाभागातल्या ख्रिस्ती मंडळींतही हेच दिसते. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले. पुढे ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेले. इग्नेशियसांच्या जेझुइट संघाची सेंट पॉल्स शाळा कॅम्पात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठी, कोंकणी, कन्नड बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांच्या मनातही सीमेचा आणि भाषेचा प्रश्न शिरला. भाषेचे दुखणे खरे आहे, मी ते हलके मानत नाही. पण उपासनेत आपल्या भाषेतले गीत गाळले गेलेला रविवार ठळक आठवतो, गायले गेलेला विसरतो. दुसऱ्या भाषेच्या बाकावरही हेच घडते. आपल्याकडून चूक झाली तर घाई होती, त्यांच्याकडून झाली तर मुद्दाम.

समोरच्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ घ्यावा, तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे, असे इग्नेशियसांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे. उपासनेची भाषा ठरवणाऱ्या बैठकीत ते आधी वाचले जावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.