तिरळं दिसणं आणि तिरळं असणं

तान्ह्या बाळाचे डोळे पहिले दोन-तीन महिने मधूनच कुठेही भरकटतात, हे इंदूरमधल्या कुठल्याही मराठी घरातल्या आजींना सांगावं लागत नाही. जन्मल्यावर बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचं. सहा ते आठ आठवड्यांत नजर ठरायला लागते, तिसऱ्या महिन्यापर्यंत हलत्या वस्तूमागे फिरते. तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या दरम्यान दोन्ही डोळ्यांतली चित्रं मेंदूत जुळायला लागतात आणि वस्तू जवळ की लांब हे कळू लागतं. चौथा महिना सरला की भरकटणं थांबलेलं असावं. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून इथेच सोडते.

घोळ होतो तो यानंतर. सहा महिन्यांचं बाळ, एक डोळा नाकाकडे गेल्यासारखा वाटतोय, आणि घरात दोन तट. सासूबाई म्हणतात, “नाक वर आलं की जाईल.” शेजारच्या भाभी म्हणतात, “बच्चा है, ठीक हो जाएगा.” आई रात्री मोबाईलवर नको ते वाचून रडकुंडीला आलेली. माझं काम डोळे तपासण्याचं, त्यामुळे राजेंद्रनगर काय किंवा सुदामानगर काय, हळदीकुंकवालाही कोणीतरी फोटो पुढे करून विचारतंच, “बघा ना, तिरळं आहे का हो?”

नाक वर आलं की जातो, तो तिरळेपणाचा भास. आपल्याकडे बऱ्याच बाळांच्या नाकाचा दांडा सुरुवातीला बसका आणि रुंद असतो, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची एक घडी येते. ती डोळ्याचा नाकाकडचा पांढरा भाग झाकते. बाहेरच्या बाजूला पांढरं भरपूर दिसतं, आतल्या बाजूला जवळजवळ नाही, आणि आपण चटकन ठरवतो की डोळा आत वळलाय. बाळाने जरा बाजूला पाहिलं की एक डोळा त्या घडीखाली आणखी सरकतो आणि भास पक्का होतो. डोळे मात्र दोन्ही सरळच असतात. दोन-तीन वर्षांत नाकाचा दांडा उंचावतो, घडी ओढली जाते, भास ओसरतो. खऱ्या तिरळेपणात एक डोळा सरळ बघतो आणि दुसरा वेगळीकडे. त्याचा नाकाशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे नाक कितीही वर आलं तरी तो जागचा हलत नाही.

मग ओळखायचं कसं? पांढऱ्याकडे बघणं सोडा. सगळी फसगत त्या पांढऱ्यानेच होते. बघायचा तो प्रकाशाचा ठिपका. बाळाला मांडीवर सरळ बसवा, मान कलू देऊ नका. हातभर अंतरावरून, अगदी समोरून, फ्लॅश लावून फोटो काढा आणि बाळ कॅमेऱ्याकडेच बघत असेल असा एक निवडा. आता तो मोठा करून काळ्या बाहुल्या बघा. प्रत्येकीवर एक बारीक पांढरा ठिपका असेल. उजवीकडे तो जिथे आहे, डावीकडेही त्याच जागी असेल, तर डोळे सरळ आहेत. ठिपका बरोबर मधोमध नसून दोन्हीकडे नाकाच्या बाजूला किंचित सरकलेला असू शकतो, त्याने घाबरू नका. मधोमध असण्यापेक्षा दोन्हीकडे सारखा असणं महत्त्वाचं. एका डोळ्यात ठिपका कानाच्या बाजूला गेला असेल, तर तो डोळा आत वळलाय. नाकाच्या बाजूला जास्तच गेला असेल, तर बाहेर. डॉक्टरही टॉर्च घेऊन पहिल्यांदा हेच बघतात. हिर्शबर्ग नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाची एकोणिसाव्या शतकातली ही युक्ती.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे इथल्या रंगांच्या मिरवणुकीला, गच्चीवरून काढलेला, बाळ भलतीकडेच बघतंय असा, वर फिल्टर लावलेला फोटो मला कृपा करून पाठवू नका. त्यावरून मीच काय, कोणीही काही सांगू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट घरी बघता येते. बाळ रंगून काहीतरी बघत असताना एक डोळा तळहाताने हलकेच झाकायचा, मग दुसरा. उजवा झाकला तर बाळ खुशाल बघत राहतं, पण डावा झाकला की दर वेळी हात ढकलतं, किरकिरतं. म्हणजे उजव्या डोळ्याला नीट दिसत नसावं. हे वारंवार घडलं तर फोटो सरळ आला तरी दाखवायला न्या.

“बघू जरा मोठं झाल्यावर” या वाक्यावर माझा राग का, तेही सांगते. वळलेल्या डोळ्यातून येणारं चित्र दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून मेंदू ते बाद करायला लागतो. डोळा धडधाकट असला तरी त्याची नजर कच्ची राहते. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून दाखवलं की पुढे तो उघडला तरी मेंदू त्याला फारशी दाद देत नाही. १९८१ च्या त्यांच्या नोबेलमागे हेही काम होतं. माणसाच्या बाळाला वेळ जास्त मिळतो, साधारण सात-आठ वर्षं. पण चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कच्च्याला कामाला लावायचं, तर जितकं लवकर तितकं सोपं.

पाळण्यावर चिमण्या जवळ टांगल्याने बाळ तिरळं होत नाही. काजळाने डोळे मोठेही होत नाहीत आणि सरळही. काही काजळ-सुरम्यांत शिसं असतं, तेव्हा तीट गालावर लावा. आणि तिरळं मूल नशीबवान असं म्हणणाऱ्यांना नमस्कार करून पुढे जा.

दोन बाबतींत मात्र फोटो-बिटो करत बसू नका. बाहुलीत पांढरी चमक दिसली (फ्लॅशचा तो बारीक ठिपका नव्हे), तर लगेच डॉक्टर गाठा, मोतीबिंदू किंवा डोळ्यातल्या पडद्याची गाठ असू शकते. आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लवकर जन्मलं असेल तर त्याहूनही आधी.

बाकीच्यांनी चार महिन्यांनंतर जरा जरी शंका असेल तर लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे जावं, चष्म्याच्या दुकानात नव्हे. भासच आहे असं निघालं, तरी पुढची तारीख विचारून घ्या, कारण अशा काही मुलांना दोन-तीन वर्षांची झाल्यावर खरा तिरळेपणा येतो, बरेचदा मोठ्या प्लस नंबरमुळे, आणि तो पुष्कळदा नुसत्या चष्म्याने आटोक्यात येतो. तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, ते घालू द्या; त्यांच्याशिवाय एवढ्या लहान मुलाचा नंबर नीट निघत नाही. नंतर काही तास बाळ उजेडाला डोळे मिटेल, म्हणून निघताना टोपी घ्या.