धातुकाचेतील अणुकंपने

धातुकाच म्हणजे काचेसारखा गोठलेला, अणूंची नियमित रांग नसलेला धातू. अशा धातुकाचेत आणि इतर अस्फटिकी पदार्थांत अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात. पदार्थ किती उष्णता साठवतो आणि ती किती सहज पुढे जाऊ देतो, हे बऱ्याच अंशी या थरथरीवर ठरते.

स्फटिकात अणू कवायतीच्या रांगांसारखे उभे असतात. एकाला बसलेला धक्का लाटेसारखा रांगेतून पुढे जातो. या लाटेच्या ऊर्जेच्या सर्वांत लहान हिश्श्याला, म्हणजे पुंजाला, फोनॉन म्हणतात. काचेची रचना संध्याकाळच्या कर्जत लोकलसारखी असते. दाटी तेवढीच, पण रांग नाही. कुणी दोन खांद्यांत घट्ट अडकलेला, तर कुणाच्या पाठीमागे वीतभर जागा मोकळी. गाडीने सांधा बदलताना हिसका दिला की दाटीतली माणसे एकत्र सरकतात आणि मोकळ्या जागेतला एकटाच जास्त हेलकावतो.

पहिली धातुकाच 1960 मध्ये कॅलिफोर्नियात पॉल डुवेझ यांच्या प्रयोगशाळेत सोने व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूपासून तयार झाली. वितळलेला रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने थंड केल्यामुळे अणूंना रांग लावायला वेळच मिळाला नाही. पुढे गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर रसाची बारीक धार सोडून फीत काढण्याची पद्धत रूढ झाली. ही चकचकीत फीत केसाहून पातळ असू शकते. बोटाभोवती वाकवून सोडली की पुन्हा सरळ होते.

भौतिकशास्त्रज्ञ डिबाय यांच्या 1912 च्या सिद्धांतानुसार कमी तापमानाला स्फटिकाच्या जालकाची, म्हणजे अणूंच्या रांगांची, विशिष्ट उष्णता (तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) तापमानाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. काच हा हिशेब मोडते. एक टेराहर्ट्झच्या (सेकंदाला एक लाख कोटी कंपनांच्या) आसपास तिच्यात अपेक्षेपेक्षा जास्त कंपने सापडतात. या उंचवट्याला बोसॉन शिखर म्हणतात. विशिष्ट उष्णतेला तापमानाच्या घनाने भागले, तर दहा केल्विनच्या (निरपेक्ष शून्याहून दहा अंश वरच्या तापमानाच्या) सुमारास तोच उंचवटा दिसतो. त्याचे कारण सैल जागांतले अणू, की स्फटिकातलीच कंपने अव्यवस्थेमुळे पसरून खाली सरकलेली, यावर अजून एकमत नाही. विषयाचा खरा गाभा हाच वाद आहे.

एक केल्विनच्या खाली कोडे आणखी गहिरे होते. झेलर व पोल यांनी 1971 मध्ये दाखवले, की तिथे विद्युतनिरोधक काचांची विशिष्ट उष्णता जवळजवळ तापमानाच्याच प्रमाणात बदलते. पुढच्याच वर्षी अँडरसन, हाल्पेरिन व वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी, उलगडा सुचवला: काही अणुसमूहांना जवळजवळ सारख्याच ऊर्जेच्या दोन जागा असतात व ते बोगदा परिणामाने, म्हणजे मधला ऊर्जेचा अडथळा न चढता पार करून, एकीतून दुसरीत जातात. धातूत मुक्त इलेक्ट्रॉनांचा वाटाही तापमानाच्याच प्रमाणात असल्याने हा परिणाम झाकला जातो. म्हणून झिर्कोनियम-पॅलॅडियमसारख्या अतिसंवाहक (अतिथंड असताना विजेला रोध न करणाऱ्या) धातुकाचा मोलाच्या ठरल्या: अतिसंवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉनांचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो.

ही कंपने मोजायला न्यूट्रॉन उत्तम. औष्णिक, म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाइतक्या संथ केलेल्या, न्यूट्रॉनची ऊर्जा कंपनांच्या ऊर्जेच्या तोडीची असते, त्यामुळे अणूवर आदळून तो किती ऊर्जा घेऊन किंवा देऊन आला हे स्पष्ट कळते. मुंबईत या विद्येची परंपरा जुनी आहे. भारतीय अणुशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात भौतिकशास्त्रज्ञ ब्रॉकहाउस यांच्यासोबत जर्मेनियमच्या स्फटिकातील कंपने मोजली आणि परतल्यावर ट्रॉम्बे येथे न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे (अणूंवर आदळून विखुरणाऱ्या न्यूट्रॉनच्या मोजणीचे) संशोधन उभे केले. तिथल्या 100 मेगावॉटच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत 1985 मध्ये प्रथम शृंखला विक्रिया सुरू झाली.

धातुकाच तिच्या काचसंक्रमण तापमानाच्या (ज्या तापमानाला ती मऊ होऊ लागते त्याच्या) थोडे खाली तापवून ठेवली की बोसॉन शिखर खाली बसत जाते. दादरला शिरलेली गर्दी कुर्ला येईपर्यंत डब्यात जिरते, तसे अणू सरकून सैल जागा भरून काढतात. रांग मात्र तरीही लागत नाही.