वाळवंटातली पाणवाट: झायनच्या नॅरोजची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात झायन राष्ट्रीय उद्यान आहे. वर्षाकाठी जेमतेम ३८ सेंटिमीटर पाऊस पडणारा हा मुलुख, तरी इथली सर्वांत गाजलेली पायपीट पाण्यातून होते. व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्याने कोरलेली ही घळ नॅरोज या नावाने ओळखली जाते. वरच्या टोकाच्या चेंबरलेन्स रँचपासून खालच्या तोंडाच्या टेंपल ऑफ सिनावावापर्यंत ती सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. त्यातला बराचसा भाग पात्रातूनच चालावा लागतो, कारण बऱ्याच ठिकाणी काठ उरतच नाही. लास व्हेगसहून मोटारीने काही तासांत पोहोचता येत असल्याने अमेरिकेत राहणारी मराठी मंडळीही इथे हौसेने जातात. परमिट कशाला, आभाळ निरभ्र असताना परत का पाठवतात, एवढ्याशा पाण्याला घळ बंद का होते, असे प्रश्न तिथे हमखास ऐकू येतात. त्यांची उत्तरं आधी खडकात आहेत, मग माणसांच्या इतिहासात.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी या भागात वाळूच्या प्रचंड टेकड्या पसरलेल्या होत्या. वाऱ्याने त्या सरकत राहिल्या, एकावर एक दबल्या आणि नव्हाहो वालुकाश्म तयार झाला. झायनमध्ये या खडकाची जाडी ६०० मीटरच्या घरात जाते. भिंतीला हात लावून पाहिलं तर तिरपे, एकमेकांना छेदणारे थर दिसतात. ते त्या टेकड्यांचे उतार. त्याच्याखाली कायेंटा हा मऊ, चिखलगाळाचा थर आहे. नदी कोरत कोरत जिथे कायेंटापर्यंत पोहोचली तिथे भिंतीचा पायाच झिजतो, वरचा वालुकाश्म आधार सुटून कोसळतो आणि दरी रुंदावते. आज रस्ता, लॉज, शटल बस जिथे आहेत ती झायनची मुख्य दरी अशी मोकळी झाली. तिथून वर मात्र नदी अजून वालुकाश्मातच आहे. पाया शाबूत असल्याने भिंती सरळसोट उभ्या राहतात. वॉल स्ट्रीट नावाच्या टप्प्यात त्या ३०० मीटर उंच आहेत आणि त्यांच्यामधलं पात्र काही ठिकाणी फक्त सहा ते नऊ मीटर.

नदीचा उतारही तीव्र आहे, दर किलोमीटरला १० ते १५ मीटर. वरच्या पाणलोटात उघडा खडक जास्त आणि माती कमी, त्यामुळे वळवासारखा जोरदार पाऊस आला की तो मुरत नाही, घसरत खाली येतो. दूर कुठेतरी वीज कडाडलेली असते आणि घळीतल्या माणसाच्या डोक्यावर निळ्या आभाळाची पट्टी असते. आधी निवळशंख पाणी गढूळ होतं, काटक्या आणि पालापाचोळा वाहत येतो, वरून घरघर ऐकू येऊ लागते. हे दिसताच मिळेल त्या उंचवट्यावर चढायचं असतं. अरुंद टप्प्यांत दोन्ही भिंतींमध्ये माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर अडकलेले ओंडके दिसतात. लोंढा कुठवर चढतो हे सांगायला दुसरी पाटी लागत नाही.

त्यात हंगामाची अडचण. वसंतात वितळत्या बर्फाने नदी इतकी भरते की घळ अनेकदा बंदच असते. पाणी उतरतं ते उन्हाळ्यात, आणि नेमक्या जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथला पावसाळा, त्यांच्याही तोंडी 'मान्सून'च, वादळं घेऊन येतो. आपल्याकडची सांदण दरी पावसाळ्यात वर्ज्य असते. नॅरोजमध्ये मात्र गर्दीचे दिवस आणि लोंढ्याचे दिवस एकच आहेत, आणि इथल्या सगळ्या नियमांचं मूळ मला यातच दिसतं.

माणसांचा वावर इथे जुना. प्राचीन पुएब्लो हे इथले मूळ रहिवासी या दरीत मका पिकवत होते. इसवी सन १३०० च्या सुमारास ते हा भाग सोडून गेले. पुढे हा दक्षिण पायूट या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीचा प्रदेश. १८५८ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा नीफाय जॉन्सन पायूट वाटाड्यांच्या मदतीने दरीपर्यंत आला. काही वर्षांत शेती सुरू झाली आणि आयझॅक बेह्युनिन या वसाहतकाराने दरीला झायन म्हणायला सुरुवात केली. नदीकाठच्या जमिनी आणि पाणी वसाहतींकडे गेलं, रोगराई पसरली आणि पायूट लोकांची जगण्याची घडी मोडली. उद्यानाचा इतिहास सांगताना हा भाग एका ओळीत उरकला जातो, ते बरोबर नाही. घळीच्या तोंडाशी असलेल्या जागेचं सिनावावा हे नावही पायूटांच्याच देवतेचं आहे.

१८७२ मध्ये भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट सरकारी सर्वेक्षणासाठी ही घळ उतरला. नॅरोज हे नाव त्याच्यापासून रूढ झालं. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी दरीला मुकुंतुवीप राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिलं. १९१८ मध्ये ते पायूट नाव काढून झायन करण्यात आलं आणि १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९३० मध्ये डोंगरातून बोगदा काढून पूर्वेकडचा रस्ता खुला झाला आणि पर्यटक वाढले. घळीच्या आत मात्र कुणी वाट बांधली नाही. नदीकाठची फरसबंद वाट सिनावावापासून दीडेक किलोमीटरवर संपते आणि पुढे पाण्यात पाय घालावाच लागतो.

१७ सप्टेंबर १९६१ रोजी २६ जणांचा एक गट घळीत असताना लोंढा आला आणि पाच जण दगावले. १९९८ च्या जुलैमध्ये आणखी दोघे गेले. १४ सप्टेंबर २०१५ ला याच उद्यानातल्या कीहोल या चिंचोळ्या घळीत सात जणांचा संपूर्ण गट वाहून गेला. त्यांच्याकडे परमिट होतं आणि पुराची शक्यता दाट असल्याचं हवामान खात्याने त्या दिवशी जाहीरही केलं होतं. परमिट म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हे त्या दिवसाने फार क्रूरपणे दाखवलं.

आजची पद्धत अशी: खालून वर बिग स्प्रिंग या झऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर, परमिटशिवाय जाता येतं. वरून खाली यायचं तर एका दिवसासाठीही परमिट हवं. मुक्काम करायचा तर एकच रात्र, आणि त्यासाठी तळ ठोकायच्या अवघ्या १२ जागा. प्रवाह १२० क्युसेकच्या वर गेला की परमिट देणं थांबतं, १५० च्या वर घळ सगळ्यांनाच बंद. खडकवासल्यातून मुठेत हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण पात्र मुठेएवढं रुंद नाही, बुळबुळीत गोट्यांवरून काठी टेकत चालायचं आहे आणि बाजूला व्हायला जागा नाही. अचानक पुराचा इशारा निघाला तर तो उठल्यानंतर दोन तासांनीच प्रवेश पुन्हा सुरू होतो. २०२१ मध्ये झायनला ५० लाखांहून अधिक लोक आले. एवढ्या गर्दीत प्रत्येकाच्या अंदाजावर विसंबून चालणार नाही, म्हणून मला ही बंधनं योग्यच वाटतात.

नदीतलं पाणी टिकणं हीही आपोआप घडलेली गोष्ट नव्हे. वरच्या अंगाला धरणं बांधायच्या योजना होत्या, खाली झपाट्याने वाढणारी गावं होती. १९९६ मध्ये युटा राज्य, केंद्र सरकार आणि स्थानिक जलसंधारण संस्था यांच्यात करार झाला. उद्यानाचा नैसर्गिक प्रवाहावरचा हक्क मान्य झाला आणि वरच्या वापराला मर्यादा पडली. २००९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, व्हर्जिन आणि तिच्या उपनद्यांचे उद्यानातले प्रवाह 'वन्य आणि रमणीय नदी' या कायद्याखाली आणले. कोरड्या प्रदेशात पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालतात. तिथे वाटाघाटींतून एवढं साधलं, याचं मोल मोठं आहे.

अलीकडची भर २०२० ची. त्या जुलैत नदीत खेळलेलं कुत्र्याचं एक पिल्लू मेलं आणि पाण्यात विषारी सायनोबॅक्टेरिया सापडले. त्यांची शेवाळासारखी साय दगडांवर धरते आणि ट्रेकर वापरतात त्या साध्या फिल्टरने हे विष हमखास निघत नाही. त्यामुळे वरून उतरणाऱ्यांना आता पिण्याचं पाणी पाठीवर वाहून न्यावं लागतं, नाहीतर भिंतीतून फुटणाऱ्या झऱ्याच्या तोंडाशीच भरून घ्यावं लागतं.