पोलीसव्यवस्था आणि लोकविश्वास (सोलापूर)

पोलिसांचा अधिकार कायद्याने मिळतो. तो वापरता येणे मात्र लोक त्याला कितपत मान देतात आणि राजकीय पक्ष त्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, यांवर अवलंबून असते. साक्षीदार पुढे न आल्यास, झडती-जप्तीच्या वेळी साक्षीला घेतलेले पंच फिरल्यास किंवा मिरवणुकीच्या स्वयंसेवकांनी पाठ फिरवल्यास पुरेसे मनुष्यबळ असूनही तपास व बंदोबस्त दोन्ही लंगडे पडतात. या संबंधाच्या अभ्यासासाठी सोलापूर हे महत्त्वाचे शहर आहे. १९३० मध्ये पोलिसांची सत्ता काही दिवस पूर्णपणे मागे हटलेले हे शहर. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमात कायद्याखालील मोठी वसाहत जवळच होती. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार भाषांची श्रमिक वस्ती येथे एकमेकींना लागून आहे.

शहरात पोलीस आयुक्तालय असून त्याखाली फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, एमआयडीसी आणि सलगर वस्ती ही पोलीस ठाणी येतात. उर्वरित जिल्हा पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण यांच्याकडे आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्र. १० सोरेगाव येथे, तर पोलीस प्रशिक्षण केंद्र केगाव येथे आहे.

उगमाविषयीची मते : संमतीवर चालणाऱ्या पोलिसांची कल्पना लंडनच्या १८२९ च्या महानगर पोलिसांशी आणि तेव्हाचे ब्रिटिश गृहमंत्री रॉबर्ट पील यांच्या नावाशी जोडली जाते. पील यांची म्हणून सांगितली जाणारी नऊ तत्त्वे प्रशिक्षणाच्या टिपणांत आजही दिली जातात. परंतु १८२९ च्या कागदपत्रांत ती त्या स्वरूपात आढळत नाहीत. त्यांची आजची मांडणी विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकाराने केली, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना ग्राह्य वाटते. मुंबई इलाख्याला हा वारसा थेट लाभलाच नाही. सिंध जिंकल्यावर (१८४३) ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियर यांनी आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या (आयर्लंडमधील सशस्त्र पोलीस दलाच्या) धर्तीवर वेगळे, सशस्त्र, केंद्राच्या हुकमतीतील दल उभारले. त्याच्या अनुकरणाने १८५० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात जिल्हावार पोलीस अधीक्षक नेमले गेले. काही अभ्यासकांना ‘आयरिश नमुना’ हे वर्णन अतिशयोक्त वाटते, कारण गावपातळीवर पाटील व जागले (गावाचे राखणदार) हीच यंत्रणा पुढे चालू राहिली. दोन्ही मते एकत्र घेतली तर चित्र अधिक नेमके होते : वरचा सांगाडा सशस्त्र दलाचा आणि माहितीचा पाया गावकामगारांचा. वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील मात्र आजही पोलीस ठाण्याचा गावातील पहिला कान आहे.

कायद्याने स्वतःच पोलिसांवर अविश्वास नोंदवून ठेवला आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही (पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. झडतीसाठी त्याच भागातील दोन स्वतंत्र पंच लागतात. ही बंधने वसाहतकाळातील छळाच्या तक्रारींतून आली. १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस आयोगानेही पोलीस अकार्यक्षम असून लोक त्यांना भ्रष्ट व जुलमी समजतात, असा निष्कर्ष काढला होता. व्यवहारात पंच मिळत नाहीत. कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून शेजारी दार लावून घेतात. मग ठाण्याच्या ओळखीचे तेच ते पंच आणले जातात किंवा सरकारी कर्मचारी बोलावले जातात, आणि उलटतपासणीत ‘हा पंच याआधी किती पंचनाम्यांवर आहे’ या एका प्रश्नावर जप्ती डळमळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने) झडती-जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले, त्यामागचे एक कारण हेच होय.

मे १९३० : गांधीजींच्या अटकेनंतर (५ मे) सोलापुरात हरताळ सुरू झाला आणि गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून अटका झाल्या. अटक झालेल्यांना सोडण्याची मागणी करणारा जमाव आणि पोलीस समोरासमोर आले व गोळीबार झाला. शंकर शिवदारे हे त्यात बळी पडले. त्यानंतर जमावाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. काही पोलीस मारले गेले आणि न्यायालयाची इमारत जाळण्यात आली. पोलीस शहरातून मागे घेण्यात आले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, त्यासाठी स्वतंत्र अध्यादेश निघाला आणि तो अंमल ३० जूनपर्यंत राहिला.

मधल्या काळात शहर काँग्रेस स्वयंसेवकांच्या हाती होते. हा काळ तीन दिवसांचा की चारांचा, याविषयी स्थानिक लेखनात एकवाक्यता नाही. ९, १० व ११ मे हे पूर्ण दिवस मोजले तर तीन होतात. ८ मेच्या सायंकाळपासून १२ मेपर्यंतचा कालावधी धरला तर चार होतात. फरक मोजणीचा आहे, घटनेचा नाही. अधिक महत्त्वाचा वाद क्रमाचा आहे : आधी गोळीबार की आधी दगडफेक? सरकारी निवेदने जमावाच्या हिंसेला अग्रक्रम देतात, राष्ट्रवादी लेखन गोळीबाराला. तिसरे मत गिरणी कामगारांचे जुने वैर आणि शिंदी-दारूच्या ठेक्याविरुद्धचा रोष पुढे आणतो. तिसऱ्या मताने पहिली दोन खोटी ठरत नाहीत. तरी जमावाचा रोख चौकी व न्यायालयाकडेच का वळला, याचे उत्तर त्यातूनच अधिक मिळते. मृतांच्या आकड्यांतही मोठी तफावत आहे.

या दिवसांत स्वयंसेवकांनी वाहतूक व पहारा सांभाळला, ही बाब पोलीसविषयक अभ्यासात विशेष उद्‌धृत करण्याजोगी आहे. सुव्यवस्था आणि पोलीस या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तेव्हाच्या प्रशासनाला सर्वाधिक खुपले असावे. राष्ट्रध्वज आणि गांधी टोपी यांवर लष्करी कायद्यात झालेली कारवाई तेच सुचवते. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांच्या नावाचा चार हुतात्मा चौक आज शहरातील मोर्चांचा नेहमीचा ठिय्या आहे, आणि तेथील बंदोबस्त अर्थातच पोलिसांकडे असतो.

गुन्हेगार जमात वसाहत : १८७१ चा कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात व्यापकपणे लागू झाला आणि सोलापूरच्या वसाहतीतील कुटुंबे गिरण्यांना मजूर म्हणून पुरवली गेली. हजेरी, पास आणि तारेचे कुंपण हे तिचे तीन आधार. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तथापि मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम, १९५९ मुळे नोंदवह्यांची सवय टिकली. एखादी घरफोडी झाली की पहिली उचल कोणत्या वस्तीतून होते, हे पाहिले म्हणजे ही सवय कळते.

सोलापूर ग्रामीण पोलिसांचा ‘ऑपरेशन परिवर्तन’ हा उपक्रम (२०२१ पासून, तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते) याच पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. मुळेगाव तांड्यासारख्या हातभट्टीच्या गावांत कारवाई, समुपदेशन, पुनर्वसन आणि जनजागृती अशी चार अंगे एकत्र घेण्यात आली व गावे अधिकाऱ्यांना दत्तक देण्यात आली. निव्वळ छाप्याने भट्टी का बंद होत नाही, याचे कारण साधे आहे. गूळ व नवसागराचे रसायन जागेवर ओतून नष्ट केले, नमुना सीलबंद करून रासायनिक तपासणीस पाठवला, दारूबंदी कायद्याचे कलम ६५ लावले, तरी नुकसान होते ते काही बॅरल आणि गुळाचे. भांडवल देणारा सावकार छाप्याच्या वेळी तांड्यावर नसतोच. आठवड्यात नवे रसायन लागते. पर्यायी रोजगार टिकला तरच हा फेरा थांबतो. अधिकारी बदलला की दत्तक गावाची भेट मागे पडते, हा अशा उपक्रमांचा ठरलेला दुबळेपणा आहे.

फिर्याद नोंदणी : सामान्य माणसाचा पोलिसांशी संबंध तक्रार नोंदवून घेणाऱ्या ठाणे अंमलदारापाशी येतो आणि विश्वास बहुधा तेथेच बसतो किंवा तुटतो. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर मिळताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात (२०१३) स्पष्ट केले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, खबर घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. फिर्याद वाचून दाखवून तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या विडी कामगार बाईचा जबाब मराठीत उतरताना हे वाचून दाखवणे नावापुरते झाले, तर पुढे न्यायालयात तिचे तोंडी बोलणे आणि कागद जुळत नाहीत.

टाळाटाळीचे मार्ग ठरलेले आहेत. दखलपात्र प्रकरण अदखलपात्र म्हणून लिहिणे, चोरीऐवजी ‘गहाळ’ दाखला देणे, किंवा तक्रार ‘अर्ज चौकशीवर’ ठेवणे. कारण आळस असेलही. त्याहून मोठे कारण गुन्हे आढावा बैठकीत मागील वर्षाशी होणारी तुलना हे आहे. आकडा वाढला की विरोधी पक्ष अधिवेशनात प्रश्न विचारतो आणि खुलासा ठाण्याला मागितला जातो. वस्तुतः नोंद वाढणे हे पुष्कळदा विश्वास वाढल्याचे लक्षण असते, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांच्या बाबतीत. ठाण्याने नकार दिल्यास खबरीचा मजकूर टपालाने आयुक्त किंवा अधीक्षकांकडे पाठवावा आणि त्यानंतर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. पहिली पायरी वगळली की अर्ज तेथेच अडतो.

प्रतिबंधक अधिकार : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या (मूळ मुंबई पोलीस अधिनियम, १९५१) कलम ३७ खालील मनाई आदेश शहरात आयुक्त काढतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीवाचून १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. कलम ५५ ते ५७ खालील तडीपारी (व्यक्तीला ठरावीक हद्दीबाहेर राहण्याचा आदेश) जास्तीत जास्त दोन वर्षांची असून तिच्याविरुद्ध शासनाकडे ३० दिवसांत अपील करता येते. आयुक्तालयात माहिती गोळा करणारे, प्रस्ताव पाठवणारे आणि आदेश देणारे एकाच दलातील असतात. टीकेचा मुख्य मुद्दा तोच आहे. समर्थक त्वरेकडे बोट दाखवतात. उच्च न्यायालयात आदेश टिकत नाहीत ते मात्र बहुधा कारागिरीच्या चुकांमुळे : जुने, संबंध तुटलेले गुन्हे आधाराला घेणे, साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत याचे समाधान न नोंदवणे, किंवा शहरातल्या कृत्यांसाठी कारण न देता संपूर्ण जिल्हा व शेजारचा जिल्हाही बंद करणे. निवडणुकीच्या तोंडावर एकाच पक्षाच्या कार्यकर्त्यांना नोटिसा गेल्या, तर कागद निर्दोष असूनही लोक त्याचा राजकीय अर्थच लावतात.

शांतता समिती : हिला स्वतंत्र कायदा नाही. गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा, आंबेडकर जयंती, मोहरम, ईद, मार्कंडेय रथोत्सव, गणेशोत्सव यांआधी बैठक होते. मार्ग, वेळ आणि मिरवणुका एकाच दिवशी आल्यास क्रम, हे तेथे ठरते. ऑक्टोबर २००२ मधील बंदनंतरच्या दंगलीमुळे या बैठकांना शहरात वेगळे वजन आले. नेहमीचा दोष यादीत असतो. वर्षानुवर्षे तीच नावे, त्यांत माजी नगरसेवक अधिक, स्त्रिया आणि विशीतली मुले जवळजवळ नाहीतच. दगड उचलणारा वयोगट बैठकीबाहेर राहतो. भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या सुमारे ७० मोहल्ला समित्यांचे वेगळेपण शांततेच्या काळातही बैठका होत राहण्यात आणि सामान्य रहिवासी निवडण्यात होते. १९९२-९३ च्या दंगलींच्या काळात भिवंडी शांत राहिली, हे त्याचे श्रेय मानले जाते. खेड्यांत १५ ऑगस्ट २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने जवळपास तेच काम बक्षिसाच्या आमिषाने करू पाहिले.

ध्वनिक्षेपकांवरील कारवाई ही निःपक्षपातीपणाची दरवर्षीची परीक्षा असते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजणीपूर्वी परिसराचा मूळ आवाज नोंदवला नाही किंवा यंत्राचे प्रमाणन दाखवता आले नाही, तर खटला पडतो. एका मंडळावर पंचनामा आणि पुढच्या चौकातल्या मंडळाला सोडणे यांची चर्चा खटल्याहून अधिक काळ चालते.

राजकीय हस्तक्षेप : बदली हे त्याचे मुख्य साधन आहे. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या (२२ सप्टेंबर २००६) सात निर्देशांनंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात सुधारणा करून पोलीस आस्थापना मंडळे, राज्य सुरक्षा आयोग आणि तक्रार प्राधिकरण यांची तरतूद केली. ठाण्यातील निरीक्षकाचा सर्वसाधारण कालावधी दोन वर्षांचा ठरला. मुदतपूर्व बदलीला मात्र ‘लोकहित’ व ‘प्रशासकीय निकड’ ही कारणे मोकळी राहिली, आणि बहुतेक वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे त्याच दोन शब्दांवर लढवले जातात. सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे हे फौजदारकीतून राजकारणात येऊन मुख्यमंत्री व पुढे केंद्रीय गृहमंत्री (२०१२-१४) झाले. खात्याची आतली ओळख असलेले गृहमंत्री विरळाच.

विश्वास कशाने ठरतो, याविषयी दोन विचारधारा आहेत. एक निकालावर भर देते : चोर सापडला, मुद्देमाल परत मिळाला की विश्वास वाढतो. दुसरी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांच्या मांडणीतून आलेली, वागणुकीतील न्याय्यता अधिक निर्णायक मानते. ऐकून घेतले का, कारण सांगितले का, सर्वांना एकच नियम लावला का. वर उल्लेखिलेल्या फिर्याद, तडीपारी व ध्वनिमर्यादेच्या उदाहरणांना दुसरी विचारधारा अधिक लागू पडते. २०१८ च्या देशव्यापी पाहणीत पोलिसांवर भरपूर विश्वास असल्याचे सांगणारे २५ टक्क्यांहून कमी होते, तर लष्करावर तसा विश्वास सांगणारे ५४ टक्के. पुढील वर्षीच्या पाहणीत पोलिसांचा सरासरी कामाचा दिवस १४ तासांचा आढळला. वागणुकीच्या चर्चेत हा आकडा अनेकदा विसरला जातो.

परमवीर सिंह सैनी खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतील प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा व स्वागतकक्ष कॅमेऱ्याखाली आणण्याचे आणि चित्रण १८ महिने जतन करण्याचे आदेश दिले. मारहाणीच्या तक्रारदाराने चित्रणाची मागणी लेखी, तारीख-वेळ नमूद करून आणि लवकर करावी लागते. साठवणूक अपुरी पडली की जुने चित्रण नव्याखाली पुसले जाते.